आधी कुणाची वलांडी

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात पंचांची बैठक देवळासमोर बसायची आणि त्या बैठकीत बायकांना जागा नव्हती. नीराबाईला त्याचं काही वाटत नसे. "तितं जाऊन काय करू? दोन तास बसायचं आन् बोलायचं काय न्हाय," असं ती म्हणायची. तिचा नवरा विठोबा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, बैठकीला नेमाने जायचा. अवघड विषय निघाला की तो मान खाजवून म्हणायचा, "उद्या सांगतो." पंच मिशीत हसायचे. तो कुणाला विचारून येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या त्या उद्याची वाट तेही बघत असायचे.

मी नीराबाईला पाहिलेलं नाही. ती १९३९ साली गेली, तेव्हा माझी आई नलू अठरा वर्षांची होती. पण आमच्या घरात तिची गोष्ट इतक्या वेळा निघायची की तिचा आवाज मी ऐकला आहे असंच मला वाटतं. माझी आजी गोदू ती जरा वाढवून सांगायची, आई जरा कापून सांगायची. मी दोघींच्या मधलं लिहिते आहे. तरी कुठे तोल गेलाच तर तो आजीच्या बाजूला गेला असेल, कारण मी तिच्याच वळणावर गेले आहे असं सगळे म्हणतात.

आता वलांडी म्हणजे काय ते सांगायला हवं. हल्ली आमच्या सुनांनाही सांगावं लागतं, तर इतरांचं काय! किनाऱ्यावर वाळूत बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणून बांधायच्या, की झाली वलांडी. ओले बोंबील घ्यायचे, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. उन्हावाऱ्यात तीन-चार दिवसांत ते कडकडीत होतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, समुद्र बंद. वैशाखात जे वाळवलं तेच आषाढ-श्रावणात चुलीवर चढणार. आणि वाळत आलेल्या बोंबलावर पावसाची एक सर पडली तर तो मऊ पडतो, काळा होतो, मग तो माडाच्या मुळाशी घालण्याच्याच लायकीचा राहतो.

वैशाखातला वळीव आमच्याकडे समुद्रावरून येत नाही. दुपार कलली की तो डोंगराकडून, रोह्याच्या अंगाने येतो. बायका समुद्राकडे तोंड करून कामात असतात आणि तो पाठीमागून येऊन गाठतो.

१९२१ साली असंच झालं. त्या आधीच्या पौषात माझे आजोबा समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत. चैत्रात आई जन्मली. आजी बाळंतपणातून उठली आणि दिरांनी दिलेले बोंबील वलांडीवर टाकून, महिन्याच्या पोरीला मांडीवर घेऊन राखण करत बसली. सात वर्षांचा थोरला मुलगा घरात तापाने पडलेला. आभाळ आलं. तेव्हाची रीत सरळ होती, ज्याने त्याने आपापली वलांडी काढायची. सगळ्या बायका आपापल्या दोऱ्यांकडे पळाल्या. ज्यांच्या घरी सासू, जावा, नणंदा होत्या त्यांचं चार फेऱ्यांत आवरलं. आजीने पोर वाळूत ठेवली, हाताला येतील तेवढ्या जोड्या ओढल्या, पोर आक्रोश करायला लागली तशी तिला उचलली, आणि पाऊस आला. सगळं गेलं.

त्या पावसाळ्यात आजी रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहिली. कुणी नाही म्हटलं नाही. पण दारात उभं राहणं ते उभं राहणंच. आजी ऐंशीची झाली तरी तो आषाढ विसरली नव्हती, आणि तो सांगताना तिला रडू यायचं नाही, राग यायचा.

त्या दिवशी नीराबाईनेही आधी आपलीच वलांडी काढली होती. हे ती स्वतः सांगायची, कुणी विचारलं नाही तरी. तिचा माल कोरडा राहिला आणि तोच ती पावसाळाभर आजीच्या पाटीत घालत होती. "देताना तुज्या आयेपेक्षा मनाच जास्त लाज वाटायची," असं ती आईला म्हणाली होती.

पुढच्या वैशाखात आभाळ भरलं तेव्हा नीराबाई आपल्या दोऱ्या सोडून सरळ आजीच्या वलांडीकडे चालू लागली. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाला हाक मारली नाही. गेली आणि जोड्या ओढायला लागली. तिची स्वतःची अर्धी वलांडी भिजली. तिच्या सासूने सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असा उद्धार केला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आणखी दोघी तिच्यामागून गेल्या. प्रेमाने गेल्या असं आजी म्हणायची. मला विचाराल तर लाजेने गेल्या असतील, पण गेल्या हे महत्त्वाचं.

अशी तीन-चार वर्षांत रीतच पडून गेली. ज्या घरात हात कमी, त्या घरची वलांडी सगळ्यांनी मिळून आधी काढायची. मग तिच्याहून जरा बरी, मग तिच्याहून बरी. ज्या घरात बायका जास्त, ते घर शेवटी. ठराव झाला नाही, पंचांसमोर विषय गेला नाही, नारळसुद्धा फुटला नाही. आणि सगळ्यांनी एकदम धावायचं म्हणजे कधी धावायचं हे कुणीतरी ठरवायला हवं. बायका नीराबाईच्या पायांकडे बघायच्या. ती हलली की हलायचं. शेवटी शकू नावाची एक फटकळ बाई म्हणाली, "अगो, जाताना तोंडानं तरी सांग. आमी काय दिवसभर तुज्या टाचाच बगायच्या?" तेव्हापासून नीराबाई ओरडायला लागली, "काढा गो!" तिचा आवाज मोठा नव्हता, पण त्या दोन शब्दांना सबंध किनारा उठायचा.

दर वर्षी वलांड्या उभ्या राहिल्या की ती एका संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची आणि मनातल्या मनात त्या सालची ओळ लावायची. कोण पोटुशी आहे, कुणाची सासू अंथरुणाला खिळली, कुणाचा हात मोडला. या ओळीत पुढे येणं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलेलं असणं, म्हणून पुढच्या जागेसाठी कुणी भांडत नसे. कुरकुर व्हायची ती शेवटच्या जागेवरून.

नीराबाई कुणाला बोलायची नाही. एखादीने गुपचूप आपली वलांडी आधी ओढली, तर दुसऱ्या दिवशी नीराबाई तिच्या दारात जायची आणि चिमूटभर मिशेरी मागायची. मग ओट्यावर बसून ती दातांना लावायची, सावकाश, अर्धा-पाऊण तास. वलांडीचं नावही काढायची नाही. पोराबाळांची विचारपूस करून उठून जायची. त्या घरची बाई पुन्हा तसं करायची नाही. आमच्याकडे "मिशेरीला येऊ काय?" असं नुसतं म्हटलं तरी बायका अजून हसतात, आणि हसता हसता जरा सावरून बसतात.

रतन थळहून लग्न होऊन आली ती १९२७ च्या सुमाराला. अनंता नाखव्याची बायको. नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि अनंताच्या होड्या एक नाही, तीन. त्यामुळे रतनच्या वलांड्या अकरा, घरात जावा-नणंदा मिळून सहा बायका, आणि ओळीत नंबर कायम शेवटचा. रतन दिसायला देखणी, चालायला झपाझप आणि तोंडाची तिखट. दर वर्षी एकदा तरी तिचा माल भिजायचा. "आमचे बोंबील काय भिजवायलाच टांगतो आमी?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची. आजीला ती मुळीच आवडत नसे. पण आता मी शांतपणे विचार करते तेव्हा वाटतं, बाईचं चुकत काय होतं? दर वेळी नुकसान तिचंच, आणि शाबासकी नीराबाईला.

मिठाच्या सत्याग्रहाला तीन-चार वर्षं झाली असतील. १९३४ चा वैशाख. तोवर नीराबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आधी दूरचं धूसर झालं, मग जवळचं. त्या साली तिला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. मुंबईला जाऊन डोळे दाखव, असं तिचा मुलगा कान्हा म्हणाला होता, पण तिथे डोळा बाहेर काढून ठेवतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं, आणि ती जागची हलली नाही. रोजचं काम तिच्या हातापायांना पाठ होतं. पाण्याची वाट, चुलीची जागा, बोंबलाचा जबडा, कशालाच डोळे लागत नव्हते. आभाळाला मात्र लागत होते. डोंगरामागून ढगाची काळी कड वर येते ती डोळ्यांनाच दिसते. वारा फिरतो, पण तो उगीचही फिरतो.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. का, ते पुढे येईलच.

पहिल्यांदा चुकली ती एका दुपारी. वारा एकदम पडला आणि अंगाला गारवा लागला. नीराबाई ओरडली, "काढा गो!" बायका धावल्या, ओळीने सगळ्या वलांड्या उतरवल्या, पाट्या भरून तैयबाच्या वाडीतल्या मांडवाखाली नेल्या. तैयबाची नारळाची वाडी किनाऱ्याला लागूनच होती आणि पाऊस आला की तिचा झापांचा मांडव कोळणींना मोकळा असायचा. पाऊस आला नाही. असं होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं टांगलं. तिसऱ्या दिवशी नीराबाई पुन्हा ओरडली. पुन्हा सगळं उतरवलं. आभाळ त्या दिवशी भुरकट होतं, धड पाऊस नाही, धड ऊन नाही, म्हणून माल दीड दिवस ढिगात पडून राहिला. अर्धवट वाळलेले बोंबील ढिगात गरम होतात, मग त्यांना वास मारायला लागतो. सगळ्यांचंच थोडंफार गेलं. सगळ्यात जास्त माल रतनचा, म्हणून सगळ्यात जास्त तिचं गेलं.

रतन मांडवाखाली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "ऐका गो सगल्याजनी. ह्याच्या फुडं माज्या वलांड्या मी बगीन. ओळ न्हाय न् काय न्हाय. माज्या घरात सा बायका हाईत, आमी कुनाकडं हात मागत न्हाय आन् देतबी न्हाय."

रतनच्या घरच्या सहा बायका म्हणजे ओळीतले बारा चपळ हात. ते गेले की दुसरं मोठं घर जाणार, मग तिसरं. राहणार कोण, तर ज्यांना मदत हवी त्याच. हे आजीला कळलं तसं सगळ्यांनाच कळलं. बायका नीराबाईकडे बघत राहिल्या. ती आवाजाच्या दिशेला तोंड करून उभी होती, आणि आईने सांगितलं की तिची मान थोडी चुकीच्या बाजूला वळलेली होती. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी विठोबाने जेवताना विषय काढला. हा माणूस बैठकीत "उद्या सांगतो" म्हणणारा, पण घरात तो आडपडदा ठेवत नसे.

"कान्ह्याचे आये, तुना दिसत न्हाय."

"दिसतंय थोडं."

"काय दिसतंय? मी आता हसतंय का न्हाय, सांग."

नीराबाईने ताटातला भात चिवडला.

"सांगून टाक बायकांना," विठोबा म्हणाला.

"सांगितलं तर हाक दुसरीकडं जाईल. हाक गेली तर ओळ राहील काय? तेरा वरसं झाली. गोदू पुन्ना कुनाच्या दारात जाईल."

"आन् न सांगून?"

न सांगूनही ओळ मोडायलाच आली होती, आणि ती तिच्याच चुकीने. तिने ताट बाजूला सारलं. तिला भीती वाटत होती, असं विठोबाने पुढे आजीला सांगितलं. समुद्रावरून होडी आली नाही तरी डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई, तिला ती भीती सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किनाऱ्यावर गेली ती सरळ रतनकडे. हाक द्यायची तर ती रतनलाच, एवढं तिने रात्रीतून ठरवलं होतं. गोदूने हाक दिली असती तर आपल्या मालासाठीच ओरडते असं कुणीही म्हटलं असतं. जिची वलांडी शेवटी निघते तिने हाक दिली तर कुणी शंका घेणार नाही. शिवाय रतनची नजर घारीसारखी होती. एक अडचण होती, की रतनला ओळच नको होती.

रतन ओले बोंबील टांगत होती. आई तिथून चार हातांवर पाटी घेऊन उभी होती, म्हणून पुढचं बोलणं तिने स्वतः ऐकलेलं.

"रतन, तुज्याशी बोलायचं हाय."

"बोल काकी. हात चालू ठेवून आयकतंय."

"मना दिसत न्हाय."

रतनचे हात थांबले. "कवापासून?"

"दोन वरसं झाली. ह्या साली तर कायच न्हाय. नुसता उजेड न् काळोख."

"मंग परवा? आन् त्याच्या आदी?"

"अंदाज."

"अंदाज!" रतन भडकली. "अकरा वलांड्यांचा माल सडला माजा तुज्या अंदाजानं. घरात मी काय काय आयकून घेतलंय, ठाव हाय तुना?"

"व्हय. माजीच चूक. आदी सांगायला पायजे होतं."

एवढं सरळ उत्तर आल्यावर रतनलाही पुढे काय भांडावं ते सुचेना. नीराबाई म्हणाली, "तू आभाळ बग. मना हलूच सांग. मी वरडीन. कुनाला कलायचं न्हाय."

"न्हाय जमायचं," रतन म्हणाली. "मी बगीन तर मीच वरडीन. डोले माजे न् नाव तुजं, ते कशाला?"

"बरं," नीराबाई म्हणाली. "तूच वरड. मंग ओळीचं काय?"

"ओळीचं मी बगीन."

"म्हंजे कसं?"

"म्हंजे मी बगीन. आता तुना सबूद देत न्हाय. तू पयल्यांदा गोदूच्या वलांडीकडं गेलीस तेवा कुनाला इचारून गेली होतीस?"

आईला वाटलं, आता नीराबाई परत फिरणार. शब्द नाही तर हाक नाही, असं म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं. अजून बाकीच्या बायका तिच्या बाजूच्या होत्या. पण ती तिथेच वळली आणि हातांनी दोऱ्या चाचपत बायकांच्या घोळक्यापाशी गेली. "ऐका गो," ती म्हणाली. "मना दिसत न्हाय. दोनदा चुकलंय ते त्याच्यानं. आजपासनं हाक रतन मारंल. ती वरडली की उठायचं." मग ती आपल्या वलांडीखाली जाऊन बसली.

सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न होता, की उठून जायचं कुठे? पण तो कुणी विचारला नाही. आजी तर म्हणायची, "विचारलं असतं आणि रतन नाही म्हणाली असती तर? म्हणून मी गप्पच." पुढचे चार दिवस आजी धड जेवली नाही. तिने आपल्या वलांडीवर रोजच्यापेक्षा निम्मेच बोंबील टांगले.

पाचव्या दिवशी होड्या समुद्रावर होत्या. विठोबा आणि कान्हाही गेलेले. कान्ह्याची बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून नीराबाई एकटीच हाताच्या अंदाजाने माल टांगत होती. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला रतनच्या अकरा वलांड्या, दक्षिण टोकाला तैयबाच्या वाडीशी आजीची, आणि साधारण मध्ये नीराबाईची. दुपार कलली. वारा नेहमीसारखाच होता, ऊनही होतं. नीराबाईच्या अंगाला काहीच वेगळं लागलं नाही.

"काढा गो!"

हाक रतनची होती. चांगली खणखणीत. आईने मागे वळून पाहिलं तर रोह्याच्या डोंगरावर काळी भिंत उभी राहिली होती.

बायका उठल्या, पण धावली कुणीच नाही. सगळ्या रतनकडे बघत होत्या. नीराबाईला तेही दिसत नव्हतं. हातातली दोरी घट्ट धरून ती कान देऊन उभी राहिली. वाळूवर धावणाऱ्या पावलांचा आवाज तिला आला, उत्तरेकडून, जवळ जवळ येणारा. तो आपल्याला ओलांडून पुढे दक्षिणेला गेला की गोदूकडे गेला, एवढाच तिचा हिशोब. आवाज अगदी जवळ आला आणि थांबला.

रतन अर्ध्या वाटेतून मागे फिरली, असंच नीराबाईला वाटलं. "गोदूकडं जा गो!" ती जीव खाऊन ओरडली. "रतन, गोदूकडं जा!"

तिच्या हातातली दोरी कुणीतरी हिसकून घेतली. "सर काकी, बाजूला हो. पाटी धर."

"अगो, माजी कशाला? गोदूची काढ ना!"

"गोदूकडं आता सून आयलीय, नलू हाय. तिगीजनी हाईत त्या," रतन जोड्या ओढता ओढता म्हणाली. "तू एकटी, आन् तुना दिसत न्हाय. तुजे हात सगल्यात कमी. धर म्हन्ते ना पाटी!"

नीराबाईने पाटी धरली. तोवर सगळ्या बायका येऊन भिडल्या होत्या. तिच्या चारही बाजूंनी हात चालत होते, बोंबील पाटीत पडत होते, आणि ती मध्ये पाटी धरून उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आई तिच्या शेजारीच होती. तिला वाटलं, आता ही ओरडेल, रागावेल, कारण इतक्या वर्षांत तिच्या वलांडीला असा आधी हात कुणी लावला नव्हता. पण तिने भरलेली पाटी खाली ठेवली आणि रिकामी पुढे धरली. चार पाट्यांत तिचं आवरलं. "आता गोदू," रतन ओरडली आणि सगळ्या दक्षिणेला धावल्या. मग रखमाची, मग शकूची, ओळीने.

पाऊस आला तेव्हा रतनच्या अकरापैकी तीन वलांड्या निघाल्या होत्या. आठ भिजल्या.

संध्याकाळी अनंताचा आवाज अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू गेला. हाक तुझी, डोळे तुझे, मग आपलीच वलांडी शेवटी कशी, असा त्याचा सवाल होता. रतन काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. इतकी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी तिने आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते, हे आजीने पाहिलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा आजीला तिची दया आली.

सकाळी नीराबाई काठी टेकत रतनच्या दारात गेली. ती दिसली तशा शेजारच्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. नीराबाई कुणाच्या दारात गेली म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. रतनही उंबऱ्यात येऊन ताठ उभी राहिली. तिला वाटलं असेल, ओळ पाळली तरी आता काय ऐकवायला आलीय ही?

नीराबाई ओट्यावर बसली नाही. अंगणातच उभी राहून म्हणाली, "रतन, आज मी काय करू, सांग."

रतनने एकदा शेजारणींकडे पाहिलं, एकदा त्या म्हातारीकडे. नीराबाई तशीच वाट बघत उभी राहिली, घरात आलेल्या नव्या सुनेने सासूपुढे उभं राहावं तशी. त्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं.

"भिजलेला माल तैयबाच्या वाडीत खताला द्यायचा हाय," रतन शेवटी म्हणाली. "पाट्या भरून दे."

नीराबाई वाळूत बसली आणि पाट्या भरायला लागली. काळे पडलेले, गिळगिळीत बोंबील, वास असा की माशा हटत नव्हत्या. सबंध कोळीवाडा येताजाता बघत होता. त्या दिवसानंतर रतनच्या हाकेवर कुणी तोंड वेडावलं नाही. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा रतन तिच्यापाशी येऊन उभी राहिली. "काकी, पुरे झालं आता. उठ," ती म्हणाली.

"अजून चार पाट्यांचा माल हाय," नीराबाई म्हणाली.

"मी सांगतंय ना, उठ."

नीराबाईने हातातले बोंबील पाटीत टाकले, लुगड्याला हात पुसले आणि उठली.